व्ही-कोर (ओव्हरक्लॉकिंग)

प्रोसेसरच्या गाभ्यांना मिळणाऱ्या व्होल्टेजला व्ही-कोर म्हणतात. ओव्हरक्लॉकिंग करताना, म्हणजे प्रोसेसर कंपनीने नेमून दिलेल्या वेगाच्या वर चालवताना, ते बहुधा वाढवावे लागते. हा बदल बायोसमधून, म्हणजे संगणक चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमधून, होतो. इंटेलमध्ये त्यासाठी सहसा नावाअखेर 'के' असलेला प्रोसेसर व 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन प्रोसेसर खुले असतात, म्हणजे त्यांचा वेग वाढवता येतो. २०२२ चा ५८००एक्स३डी मात्र कुलूपबंदच आला.

५ गिगाहर्ट्झला एका ठोक्यासाठी ०.२ नॅनोसेकंद मिळतो. तेवढ्यात ट्रान्झिस्टर पलटला नाही की गणित चुकते आणि निळा पडदा (विंडोज बंद पडल्याचा संदेश) येतो. व्होल्टेज चढवले की तो लवकर पलटतो; पण विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १.२० चे १.३५ व्होल्ट केले आणि वेग १० टक्के वाढवला, तर खप सुमारे ३९ टक्क्यांनी चढतो. हा सौदा फारसा फायद्याचा नाही.

नागपुरात तो आणखीच महाग पडतो. हवेवर चालणारा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ७५ वर थांबणारा प्रोसेसर नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), नुसत्या पंख्याखालच्या ४० अंशांच्या खोलीत, ९५ गाठतो. तिथे अनेक प्रोसेसर आपणहून वेग उतरवतात. (मे २०१३ मध्ये शहराचा पारा ४७.९ वर गेला होता.) शिवाय तापलेल्या चिपमधून वीज जास्त गळते, त्याने ती आणखी तापते. म्हणून स्थैर्याची चाचणी हिवाळ्यात उरकू नये. डेझर्ट कूलरने खोली बरीच उतरते. त्याच्या दमट हवेची भीती अनाठायी आहे, कारण हवेपेक्षा गरम असलेल्या भागांवर दव धरत नाही. कॅबिनेट थेट झोतासमोर ठेवू नये एवढेच. वुडवूलमधून उडणारे थेंब वाळले की क्षार मागे राहतात.

नवशिक्यांना चकवते ती लोडखालची, म्हणजे प्रोसेसरवर कामाचा ताण आल्यावरची, व्होल्टेजची घसरण. बायोसमध्ये १.३० भरलेले असते आणि सिनेबेंच (प्रोसेसरला ताण देणारी चाचणी) सुरू होताच आकडा १.२४ दिसतो. ही घसरण मुद्दाम ठेवलेली असते. बायोसमधल्या 'लोडलाइन कॅलिब्रेशन'ने ती कमी करता येते, पण पर्याय शेवटच्या पायरीवर नेला तर लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर ठरल्यापेक्षा वर उसळते. मधली पायरी बरी. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडण्याचाही भरवसा नाही. वेग वाढवला की अनेक बोर्ड गरजेहून जास्त देतात. अतिव्होल्टेजने चिप लगेच जळतेच असे नाही, हळूहळू झिजते. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले काही प्रोसेसर तर ओव्हरक्लॉक न करताही झिजले. २०२४ मध्ये मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) व्होल्टेजची मागणी १.५५ वर रोखावी लागली.

याउलट, मूळ वेग तसाच ठेवून ऑफसेटने (मूळ व्होल्टेजमधून ठरावीक वजावट करून) व्होल्टेज ०.०५ ने उतरवणे, म्हणजे अंडरव्होल्टिंग, विदर्भाच्या उन्हाळ्यात जास्त कामाचे. दर खेपेला ०.०१ ते ०.०२५ व्होल्टच हलवावे आणि तासभर लोड द्यावा. संगणक सुरूच झाला नाही, तर प्लग काढून मदरबोर्डवरच्या सीमॉसचा (बायोसचे आकडे जपणाऱ्या मेमरीचा) जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, जोडावा किंवा नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवावी; बायोस मूळ आकड्यांवर परततो.