प्रथिने : रचना आणि कार्य

प्रथिने म्हणजे ॲमिनो आम्लांच्या लांब साखळ्यांपासून बनलेले मोठे रेणू. पेशीतील बहुतेक कामे हेच रेणू करतात. बोलण्यात ‘प्रथिने’ म्हटले की डाळ आणि अंडी आठवतात. हा अर्थ चुकीचा नाही, पण फार तोकडा आहे. ठाण्याच्या मिसळीतल्या मटकीने आपली प्रथिने अंकुरासाठी साठवलेली असतात. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या माशाची बरीचशी प्रथिने त्याचे स्नायू हलवत असतात. आपण खातो तेव्हा पचनात या साखळ्या तुटतात आणि सुटी झालेली ॲमिनो आम्ले आपले शरीर नव्या क्रमाने जोडते.

हा क्रम जनुकांत लिहिलेला असतो. मुख्यतः २० प्रकारची ॲमिनो आम्ले पेप्टाइड बंधांनी एकामागे एक जोडली जातात. ही प्राथमिक संरचना. इन्सुलिनमध्ये अशी ५१ आम्ले आहेत. त्यांचा क्रम उलगडल्याबद्दल फ्रेडरिक सँगर यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साखळीचे काही भाग मळसूत्रासारखे वळतात, काही शेजारीशेजारी पट्ट्यांसारखे बसतात. ही द्वितीयक संरचना. साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या नाही, याचा आलेख जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९६३ साली मांडला. प्रथिनाची नवी संरचना तपासताना तो आजही जगभर वापरतात.

यानंतर संपूर्ण साखळीची घडी पडते. पाण्यापासून दूर राहणारी आम्ले आत दडतात, पाण्याशी जमणारी बाहेर राहतात. या तृतीयक संरचनेतूनच प्रथिनाला खाचा आणि उंचवटे मिळतात. एंझाइमाच्या (रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनाच्या) खाचेत ठरावीक रेणूच बसतो, प्रतिपिंड (रोगजंतूंना रोखणारे प्रथिन) ठरावीक जंतूलाच धरते. घडी मोडली की साखळी शाबूत असूनही काम थांबते.

याचे घरगुती उदाहरण म्हणजे खरवस. नुकत्याच व्यायलेल्या म्हशीच्या चिकात प्रतिपिंडे भरपूर असतात. वासराच्या आतड्यातून ती पहिल्या दिवसात रक्तात जातात आणि त्याचे रोगांपासून रक्षण करतात. तोच चीक गूळ-वेलची घालून उकडला, की उष्णतेने या प्रथिनांच्या घड्या सुटतात, सुटलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि वडी धरते. साधे दूध उकळूनही असे घट्ट होत नाही, कारण त्यातले मुख्य प्रथिन केसीन मुळातच सैल रचनेचे आहे. उकळीने मोडावी अशी घट्ट घडी त्याला नसते. दही मात्र लागते, कारण विरजणातल्या जिवाणूंच्या आम्लामुळे केसीनच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार नाहीसा होतो.

काही प्रथिनांत अनेक साखळ्या एकत्र येतात. ही चतुर्थक संरचना. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हीमोग्लोबिनच्या चार साखळ्यांत मिळून ५७४ ॲमिनो आम्ले असतात. त्यांपैकी बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, तर सिकलसेलचा आजार उद्भवू शकतो. व्हॅलीनला पाणी नको असते, म्हणून प्राणवायू सोडलेले हीमोग्लोबिनचे रेणू तेथे एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात. आई आणि वडील दोघांकडूनही हे जनुक आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर व्यक्ती बहुधा निरोगी वाहक राहते. महाराष्ट्रातील अनेक आदिवासी समाजांत, ठाणे जिल्ह्यातही, हा आजार आढळतो. त्यामुळे लग्नाआधीची रक्ततपासणी इथे फार मोलाची आहे.

प्रथिनाची घडी साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. त्यासाठी प्रथिन शुद्ध करून त्याचे स्फटिक बनवतात, त्यांवर क्ष-किरण सोडतात आणि विखुरलेल्या किरणांवरून अणूंच्या जागा गणिताने काढतात. स्फटिक मिळणे हाच यातला सर्वांत चिकाटीचा भाग असतो. नवी मुंबईत खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत, कर्करोगाशी संबंधित प्रथिनांवर या पद्धतीने काम झाले आहे. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेले बीआरसीए-१ हे त्यांपैकी एक.