नमाज वेगळा, दुआ वेगळी

"अल्लाहला मराठी कळत नाही का? मग नमाज अरबीतच का?" हा प्रश्न विचारणारा दर वेळी अशा थाटात विचारतो, जणू तो आजवर कुणाला सुचलाच नव्हता. सुचला होता. बाराशे वर्षांपूर्वी इराकातल्या कूफा शहरात त्यावर मोठमोठे फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार, एकमेकांशी भांडले होते. त्या भांडणाकडे येतोच, पण आधी घोळ कुठे आहे ते बघू. मराठीत 'प्रार्थना' या एकाच पोत्यात आपण दोन गोष्टी भरतो, नमाज आणि दुआ. शंका असते दुआबद्दलची आणि ती लावली जाते नमाजाला.

(गंमत म्हणजे 'नमाज' हा शब्दच अरबी नाही. तो फारसी आहे, संस्कृतातल्या 'नमस्'चा भाऊबंद. अरबीत म्हणतात 'सलात', आणि त्या शब्दाचा मूळ अर्थही दुआच. त्यामुळे घोळाचं सगळं खापर मराठीवर फोडता येत नाही.)

दुआ काय असते ते सांगायची गरज नाही. मागणं. हात पसरून किंवा न पसरता, चालताना, अंथरुणात, मनातल्या मनात. "पोराचा ताप उतरू दे" एवढंही पुरतं. वुजू (हातपाय-तोंड धुऊन शुद्ध होणं) असायलाच हवा असं नाही, ठरलेली वेळ नाही, भाषेची अट नाही.

नमाजाचा साचा मात्र ठरलेला आहे. दिवसातून पाच वेळा, फर्ज (सक्तीच्या) रकाती, म्हणजे नमाजाची आवर्तनं, अनुक्रमे 2, 4, 4, 3 आणि 4, म्हणजे एकूण 17. प्रत्येक रकातीत उभं राहणं, कमरेत वाकून रुकू, मग कपाळ जमिनीला टेकवून दोन सजदे. 'अल्लाहु अकबर' म्हटलं की आपण आत आणि शेवटी मान वळवून सलाम केला की बाहेर. मधे जे बोलायचं, त्यातलं बहुतेक ठरलेलं.

आता खरी मेख. लोकांना वाटतं की फरक भाषेचा आहे: नमाज अरबीत, दुआ कुठल्याही भाषेत. हे चूक नाही, पण अर्धवट आहे. खरा फरक आहे तो पठण आणि स्वतःचं बोलणं यांतला. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, त्यांचे एक साथीदार मुआविया इब्न हकम यांचा प्रसंग येतो. पैगंबरांच्या मागे जमातीत, म्हणजे सगळ्यांनी मिळून, नमाज चालू होता. कुणीतरी शिंकलं. मुआवियांनी सवयीनं म्हटलं, "यरहमुकल्लाह", अल्लाह तुझ्यावर दया करो. आजूबाजूचे डोळे वटारून बघायला लागले. यांनी वर विचारलं, माझ्याकडे असं काय बघताय? तेव्हा लोक स्वतःच्या मांड्यांवर हात आपटून त्यांना गप्प करायला लागले. नमाज संपल्यावर पैगंबर रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच समजावलं की या नमाजात माणसांचं बोलणं बसत नाही. यात तसबीह (अल्लाहचं पावित्र्य गाणं), तकबीर ('अल्लाहु अकबर' म्हणणं) आणि कुरआनचं पठण असतं.

मुआविया बोलले होते ते अरबीतच, आणि बोलले तेही शुभच. तरी ते नमाजात बसलं नाही. म्हणून "अरबांची सोय आहे, त्यांना आपल्या भाषेत नमाज पढता येतो" हे ऐकलं की मला हसावं की चिडावं कळत नाही. अरबालाही नमाजात शेजाऱ्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत. घरात तो जी बोली बोलतो, ती फातिहाची, म्हणजे नमाजात पढल्या जाणाऱ्या कुरआनच्या पहिल्या अध्यायाची, भाषा नव्हे.

"बरं, पठणच आहे ना? मग त्याचं भाषांतर पढा." हा पुढचा प्रश्न मात्र वजनाचा आहे. पारंपरिक उत्तर असं की कुरआन म्हणजे अर्थ अधिक शब्द. भाषांतर हा अर्थ समजवण्याचा प्रयत्न, कुरआन नव्हे. हे कोरडं वाटत असेल तर फातिहाची एकच आयत जवळून बघा: 'मालिकि यौमिद्दीन'. प्रस्थापित पठणपरंपरांपैकी काहींत 'मालिक' आहे, काहींत 'मलिक'. आकार दीर्घ केला तर स्वामी, ऱ्हस्व ठेवला तर राजा, आणि दोन्ही मान्य. मराठीत आणताना एक निवडावाच लागतो. त्यातून 'दीन' म्हणजे मराठी कानाला गरीब बिचारा, उर्दू कानाला धर्म, आणि इथे अर्थ आहे निवाडा. जमातीत कुणाचं भाषांतर पढायचं?

आता कूफातलं ते भांडण. तिथल्या इमाम अबू हनीफांनी (मृत्यू 767), ज्यांच्या नावावरून हनफी पंथ आला, फारसीतलं पठण चालेल असं म्हटलं होतं, आणि तेही अरबी येणाऱ्यालासुद्धा. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद अश्शैबानी यांनी ते आवळलं: अरबी जमतच नसेल त्यालाच, जमेपर्यंत. पुढे अबू हनीफाही शिष्यांच्या मताला आले असं हनफी ग्रंथ सांगतात. मालिकी, शाफिई आणि हंबली या बाकीच्या तीन सुन्नी पंथांच्या मतांत ही सूट नाही. बदलाची बाजू घेणारे आजही अबू हनीफांचा दाखला देतात. द्यावा, पण पुढचा भाग गिळू नये.

आणखी एक दाखला हमखास फेकला जातो: "तुर्कस्तानात नमाज तुर्कीत होता." 1932 ते 1950 तिथे तुर्कीत होती ती बांग, म्हणजे अजान. 'अल्लाहु अकबर'च्या जागी 'तान्री उलुदूर'. बांग म्हणजे नमाजाचं बोलावणं, नमाज नव्हे. बातम्यांतही "भोंग्यावरचा नमाज" असं छापून येतं तेव्हा बहुतेकदा बांगच म्हणायची असते. शुक्रवारचा खुतबा, म्हणजे प्रवचन, हे तिसरंच प्रकरण. तो अनेक देशांत स्थानिक भाषेत होतो. नियत, म्हणजे नमाजाआधीचा संकल्प, तर मनातच असते.

उलट्या टोकाचे लोक मला जास्त छळतात. हे दुआसुद्धा अरबीत पाठ करून म्हणतात आणि स्वतःच्या भाषेत मागणाऱ्याकडे बिचारा म्हणून बघतात. आईच्या आजारपणासाठी तोंडपाठ वाक्य म्हणायचं आणि त्यात आई कुठे आहे हे ठाऊक नसायचं, याला मी तरी मागणं म्हणणार नाही. नमाजाचंही तेच. फातिहाच्या आयती सात. फर्ज नमाजांतच त्या दिवसाला 17 वेळा समोर येतात. सात ओळींचा अर्थ पाठ करायला एक संध्याकाळ पुरते, आणि तेवढी ज्यानं काढली नाही त्यानं भाषेवर वाद घालू नये, कुठल्याही बाजूनं.

दोन्हींची सरमिसळ होते ती सजद्यात. तिथे दुआ करायला पैगंबरांनीच सांगितलंय, म्हणजे नमाजाच्या पोटात दुआ. ती मराठीत चालेल का? हनफी नको म्हणतात. इतर काही विद्वान अरबी न येणाऱ्याला मोकळीक देतात. हनफी नमाजीला मराठीतच मागायचं असेल तर सलाम फिरवायचा आणि तिथेच बसून हात पसरायचे.