आजार नेमका कोणत्या वर्षी झाला?

गाडी ठोकली, तर त्या तारखेला पॉलिसी चालू होती की नाही एवढंच बघायचं असतं. ॲसबेस्टॉस या धागेदार खनिजाच्या धुळीने झालेल्या आजारांच्या विमा दाव्यांत ती तारीखच सापडेना. कामगाराने धूळ ओढली तरुणपणी, मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग दिसला २० ते ५० वर्षांनी. मधल्या काळात कंपनीने विमा कंपन्या बऱ्याच बदललेल्या. मग जो तो म्हणणार, आमच्या वर्षांत काही झालंच नाही.

पण ‘झालं’ म्हणजे काय? इथे मला खरी गंमत वाटते ती पेशींची. फुप्फुसात शिरलेला कचरा मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गिळतात. ॲसबेस्टॉसचा धागा २० मायक्रोमीटरपेक्षा (मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षा) लांब असेल, तर पेशीच त्याला अपुरी पडते. छोट्या पिशवीत लांब छत्री कोंबावी तसं टोक बाहेर राहतं. तोंड मिटत नाही आणि पचवण्यासाठीची विकरं, ऑक्सिजनची तिखट संयुगं आजूबाजूला सांडत राहतात. ॲसबेस्टॉसच्या क्रोसिडोलाइटसारख्या प्रकारांत लोहही असतं. ते हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलकं बनवतं (फेंटन अभिक्रिया) आणि ती डीएनए तोडतात. पेशी मरते, धागा तसाच. दुसरी पेशी येते, पुन्हा तेच. वर्षानुवर्षं चाललेल्या या दाहात कधीतरी बॅप-१सारखी राखणदार जनुकं निकामी होतात. हळदीचं दूध किंवा ‘डिटॉक्स’ काढा पिऊन हे धागे निघत नाहीत, जाहिरात काहीही म्हणो.

अमेरिकी न्यायालयांची उत्तरं मात्र वेगवेगळी आली. १९८० मध्ये ‘फॉर्टी-एट इन्सुलेशन्स’ खटल्यात धूळ अंगावर घेतलेली वर्षं धरली गेली; १९८२ मध्ये ‘ईगल-पिचर’मध्ये आजार प्रकट झाल्याचा काळ. त्यांच्या मधल्या, १९८१ च्या ‘कीन’ निकालाने धूळ ओढण्यापासून आजार दिसेपर्यंतची सगळीच वर्षं धरली आणि त्या वर्षांतली प्रत्येक विमा कंपनी जबाबदार ठरवली. जीवशास्त्राशी जुळतो तो हाच, असं माझं मत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मालकांच्या दायित्व विम्यासाठी धूळ ओढल्याचा काळ निर्णायक मानला.

आपल्याकडे ॲसबेस्टॉस सिमेंटचे पत्रे अजून सर्रास दिसतात. १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲसबेस्टॉस कामगारांना विम्याचं संरक्षण द्यायला सांगितलं. शिवाय प्रत्येकाची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जे उशिरा संपेल तोवर जपायची. जुनी नोंदवही हरवली असेल, तर कामगाराने त्या वर्षांत तिथली धूळ ओढली हे सिद्ध करणंच अवघड.