कुत्र्याच्या अंगावर अचानक उठणाऱ्या गांधी

माणसाला पित्त उठतं ना, अंगभर लालसर चट्टे आणि खाज, तसंच कुत्र्यालाही होतं, डॉक्टर त्याला अर्टिकेरिया म्हणतात. कातडीतल्या मास्ट पेशी, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या पेशी, हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, मग बारीक रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपतं आणि तेवढा भाग फुगतो. बॉक्सर, पग किंवा आपल्या गावठी कुत्र्यांचे केस आखूड, त्यामुळे लगेच दिसतं, पण गोल्डन रिट्रीव्हरसारख्या झुपकेदार कुत्र्याचे फक्त जागोजागी केस उभे राहिल्यासारखे वाटतात, हात फिरवल्याशिवाय गाठी कळतच नाहीत.

बहुतेक वेळा कारण असतं मधमाशी, गांधीलमाशी किंवा मुंग्या चावणं. कुत्रा प्रत्येक गोष्टीत आधी नाक घालतो, म्हणून डंखही तोंडावरच बसतो आणि ओठ, पापण्या, अख्खं थोबाड सुजतं. लस, एखादं औषध, क्वचित खाणं, यानेही होतं.

गाठ कशी दिसते यापेक्षा कधी आली ते आधी बघा, मला तरी हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गांधी काही मिनिटांत ते काही तासांत उठतात आणि बहुतेकदा दिवसभरात बसतात. पू असलेल्या पुटकुळ्या म्हणजे इन्फेक्शन असू शकतं, शेपटीच्या मुळाशी सतत खाज असेल तर पिसवांची अ‍ॅलर्जी, आणि एकच गाठ कधी फुगते कधी कमी होते असं आठवडेच्या आठवडे चालू असेल तर ती मास्ट पेशींची कॅन्सरची गाठही असू शकते, ती सुईने तपासून घ्यायलाच हवी.

गांधींसोबत उलटी, जुलाब, धाप, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या किंवा कोसळणं असं काहीही दिसलं तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी अ‍ॅलर्जी, असू शकते, तिथे एक मिनिटही घालवू नका, अ‍ॅड्रेनालिन आणि सलाईन दवाखान्यातच मिळतं. कुत्र्यात याचा मोठा मार लिव्हर आणि आतड्यांवर बसतो म्हणून कधीकधी अंगावर काहीच न उठता नुसती उलटी होऊन कुत्रा आडवा पडतो. गंमत नाही, ही प्रतिक्रिया मुळात कुत्र्यांवरच्याच प्रयोगांत ओळखली गेली. 1902 मध्ये फ्रान्सच्या शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी कुत्र्यांना समुद्रफुलाचं, म्हणजे सी अ‍ॅनिमोन या समुद्री प्राण्याचं, विष टोचलं होतं, पहिल्या डोसातून वाचलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या छोट्याशा दुसऱ्या डोसाने बघता बघता मेला. रिशेंना 1913 चं नोबेल मिळालं. म्हणून मागच्या वेळी माशी चावली तेव्हा काही झालं नव्हतं, यावर विसंबू नये.

साध्या गांधींवर डॉक्टर अँटीहिस्टामिन किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. आपल्याकडे आमसुलाचं पाणी लावतात, पण ते वरवरचं आहे, आतल्या रिअ‍ॅक्शनवर काही करत नाही. घरातली सर्दीची गोळी मनाने देऊ नका, काहींमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं, ते कुत्र्याला विषच आहे, तसंच आयब्युप्रोफेनही नको, आणि काही सिरपमध्ये झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घातलेला गोड पदार्थ, असतं तेही घातकच.

लसीनंतर गांधी उठल्या असतील तर ती नोंद कार्डावर करून घ्या आणि पुढच्या वेळी टोचण्याआधी सांगा, म्हणजे डॉक्टर आधी औषध देऊन मग कुत्र्याला थोडा वेळ तिथेच थांबवतात. घाबरून रेबीजची लस परस्पर बंद मात्र करू नका.