मोटरहोम आणि कॅरॅव्हॅन : चार दिवसांच्या सुट्टीत दोघांसाठी कोणते चाकांवरचे घर

जोडून आलेल्या सुट्टीत दोघांनीच चाकांवरचे घर घेऊन निघायचे ठरले, की बहुतेक जण ‘कॅरॅव्हॅन घेऊ या’ असे म्हणतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र मोटरहोमचे चित्र असते. मराठी बोलण्यात हा एकच शब्द दोन्ही वाहनांसाठी सर्रास वापरला जातो, आणि आत पाऊल टाकल्यावरही फरक लगेच लक्षात येत नाही, कारण दोन्हींत तसाच पलंग, तसेच घडीचे टेबल, तसाच दोन शेगड्यांचा ओटा आणि कोपऱ्यात तसेच चिमुकले न्हाणीघर असते. फरक दिसतो तो बाहेर येऊन पुढच्या टोकाकडे पाहिल्यावर. मोटरहोमला स्वतःचे इंजिन आणि चालकाची जागा असते, आणि राहण्याची खोली व्हॅनच्या किंवा छोट्या ट्रकच्या चॅसिसवर उभारलेली असते. कॅरॅव्हॅनला इंजिन नसते. ती मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यावी लागते. चार दिवस कसे जातील, हे या एका फरकावर बरेच अवलंबून असते, म्हणून भाड्याने घेण्याआधी तो नीट समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

नावांचा हा गोंधळ जुना आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्यासाठी असलेला फारसीतला ‘कारवान’ हा शब्द युरोपात गेला, तिथे कालांतराने झाकलेल्या गाडीला लागू झाला, आणि त्याचेच शेपूट तुटून ‘व्हॅन’ हा शब्द तयार झाला. हौसेने भटकण्यासाठी मुद्दाम बांधून घेतलेल्या सुरुवातीच्या कॅरॅव्हॅनपैकी एक म्हणजे 1885 सालची ‘वाँडरर’. नौदलात डॉक्टर म्हणून काम केलेल्या गॉर्डन स्टेबल्स यांनी ती बनवून घेतली होती आणि ती घोडे ओढत असत. इंजिन आणि बिछाना एकाच वाहनात आणण्याचा एक आरंभीचा प्रयत्न 1910 साली अमेरिकेत पिअर्स-ॲरो कंपनीने केला. त्या मोटारीत मागचे आसन उलगडून झोपण्याची सोय होती आणि हात धुण्याचे घडीचे भांडेही होते. सर्वांत बोलके उदाहरण मात्र जर्मनीतले आहे. अरिस्ट डेटलेफ्स यांना कामासाठी सतत फिरावे लागे, आणि त्यांची वाग्दत्त वधू, चित्रकार फ्रिडेल एडेलमान, हिला त्यांच्यासोबत जायचे होते आणि वाटेत चित्रेही काढायची होती. त्यासाठी 1931 साली डेटलेफ्स यांनी मोटारीमागे ओढायची खोली बांधली आणि तिला ‘वोनआउटो’, म्हणजे राहण्याची मोटार, असे नाव दिले. त्या राहण्याच्या मोटारीला मोटरच नव्हती.

आता मुक्कामी पोहोचल्यानंतरच्या पहिल्या तासाचा विचार करावा, कारण सुट्टी लहान असेल तर हा तास फार मोलाचा असतो. मोटरहोम जागेवर उभे करायचे, जमीन उताराची असेल तर चाकाखाली पाचरीसारखे ठोकळे देऊन ते समतल करायचे, हँडब्रेक लावायचा, की घर तयार झाले. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत असेल, तर चालकाची आसने मागे वळवून तिथूनच चहाचे आधण ठेवता येते. कॅरॅव्हॅनचे काम अधिक आहे: ती मोटारीपासून सोडवायची, पुढच्या छोट्या चाकावर तोलायची, समतल करायची, चारही कोपऱ्यांचे टेकू खाली सोडायचे, मग विजेची तार जोडायची आणि पाणी भरून आणायचे. समतल करणे दोन्हींतही महत्त्वाचे असते, कारण गॅसवरही चालणारा फ्रिज कलंडलेल्या जागी नीट गार होत नाही. सराव असलेल्या जोडप्याला हे सारे सहज जमते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी मात्र अंधार पडण्यापूर्वी पोहोचावे.

दुसऱ्या सकाळी पारडे उलट बाजूला झुकते. कॅरॅव्हॅन जागेवर ठेवून मोटार मोकळी होते. गावात जाऊन भाजी आणायची असो, डोंगरमाथ्यावरून सूर्यास्त पाहायचा असो किंवा रात्री डॉक्टरकडे जावे लागो, घराला हात लावावा लागत नाही. मोटरहोममध्ये राहणाऱ्यांना पावासाठी निघायचे तरी आधी घर आवरावे लागते: गॅस बंद, छताच्या खिडक्या बंद, कपाटांच्या कड्या घट्ट, कपबशा जागच्या जागी, बाहेरची तार गुंडाळून आत. शिवाय सुमारे 3 मीटर उंचीचे हे वाहन जुन्या गावाच्या अरुंद गल्लीत किंवा छप्पर असलेल्या वाहनतळात शिरू शकत नाही. अनेक जण मागे सायकली बांधून नेतात, त्याचे हेच कारण.

चालवण्याच्या बाबतीत दोन्ही वाहने शिस्त मागतात, परंतु वेगवेगळी. मोटरहोम एकसंध असल्यामुळे त्याची सवय लवकर होते. लक्ष ठेवावे लागते ते उंचीकडे आणि मागच्या चाकांच्या पलीकडे गेलेल्या भागाकडे. जागच्या जागी वळताना हा मागचा भाग वळणाच्या विरुद्ध बाजूला झुलतो आणि कुंपणाला किंवा खांबाला लागू शकतो. कॅरॅव्हॅन ओढताना वजनाची वाटणी हा खरा प्रश्न असतो. जड सामान खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवावे लागते, आणि जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे मोटारीच्या मागच्या ज्या गोळ्याला कॅरॅव्हॅन अडकवतात त्यावर, कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के भार यावा, असा युरोपातला प्रघात आहे. म्हणजे भरलेली कॅरॅव्हॅन 1200 किलोची असेल, तर 60 ते 84 किलो. मोटार आणि जोडणी यांना तेवढा भार चालतो का, हेही पाहावे लागते. मागचे टोक जड झाले आणि त्यातच उतार, वेग किंवा शेजारून जाणाऱ्या ट्रकचा हवेचा झोत यांची भर पडली, की कॅरॅव्हॅन सापासारखी डावी-उजवीकडे डोलू लागते. अशा वेळी जोरात ब्रेक मारण्याचा मोह होतो आणि तोच घातक असतो. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढून घ्यावा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे. नवशिक्यांना असाही सल्ला दिला जातो, की भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या 85 टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये. मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की कॅरॅव्हॅनचे मागचे टोक डावीकडे जाते, आणि ही उलटापालट हाताच्या अंगवळणी पडेपर्यंत रिकाम्या मैदानात सराव केलेला बरा. मागे उभे राहून हातवारे करणाऱ्याने चालकाला आरशात दिसेल अशाच जागी उभे राहावे. एवढे पाळले, तर कितीतरी भांडणे टळतील.

परवान्याचे नियम देशोदेशी निराळे आहेत, त्यामुळे वाहनाचे कमाल वजन विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. युरोपात मोटारीच्या सामान्य परवान्यासाठी 3500 किलो ही दीर्घकाळ रुळलेली मर्यादा आहे, म्हणून पुष्कळ मोटरहोम तिच्या आत बसवलेली असतात आणि सामानासाठी उरणारा वाव थोडाच असतो. 100 लिटर पाणी म्हणजे सरळ 100 किलो. टाकी निघतानाच काठोकाठ न भरता मुक्कामाजवळ भरणे शहाणपणाचे ठरते. दोघांची एक सवलत मात्र आहे: माणसे कमी, म्हणून वजनही कमी. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसांनी बसायचे नसते, आणि मोटरहोममध्येही पट्टा असलेल्या आसनावरच बसायचे असते.

विजेच्या बाबतीतही इंजिनाची जागा निर्णायक ठरते. घरातले दिवे, पंप आणि पंखा चालवणारी वेगळी बॅटरी दोन्हींत असते. 100 अँपिअर-तासांच्या साध्या शिसे-आम्ल बॅटरीतून निम्मी ऊर्जाच वापरावी लागते, म्हणजे 12 व्होल्टवर सुमारे 600 वॅट-तास. दोघांचे दिवे आणि फोन त्यात सहज चालतात, केस वाळवण्याचे यंत्र चालत नाही. रोज थोडा प्रवास करणाऱ्या मोटरहोममध्ये ही बॅटरी वाटेतच पुन्हा भरत राहते. एका जागी तीन रात्री उभ्या राहणाऱ्या कॅरॅव्हॅनला विजेची जोडणी असलेली जागा किंवा छतावर सौर पॅनेल लागते.

म्हणून मी दोघांना आधी नकाशा काढायला सांगेन. तीन रात्री तीन ठिकाणी, किनारा धरून पुढे पुढे जायचे असेल, तर मोटरहोमच घ्यावे. रोज कॅरॅव्हॅन जोडण्यात आणि सोडवण्यात दिवसाचे सोने निघून जाईल. एकाच तळ्याकाठी राहून आसपास हिंडायचे असेल, आणि घरच्या मोटारीला ओढण्याची मान्यता व जोडणी असेल, तर कॅरॅव्हॅन अधिक सुखाची ठरते. दोघांपैकी एकालाच चालवता येत असेल, तर माझे मत मोटरहोमच्या बाजूने जाईल, कारण कॅरॅव्हॅन ओढण्याचा थकवा वाटून घेता येत नाही.

निघायच्या सकाळी सांडपाण्याची टाकी आणि शौचालयाची पेटी ठरलेल्या जागीच रिकामी करायची, हे दोन्हींत सारखेच आहे. कॅरॅव्हॅनवाल्यांना एक काम जास्त असते. जोडणी बसल्याचा खटका ऐकू आला, तुटल्यास ब्रेक लावणारी सुरक्षा-तार अडकवली आणि पुढचे छोटे चाक वर घेतले, की एकाने मोटारीत बसून ब्रेक दाबायचा, मग डावा इशारा, मग उजवा, आणि दुसऱ्याने मागे उभे राहून प्रत्येक दिवा लागल्याचे मोठ्याने सांगायचे.