टाळूवरचं बोट आणि मावशीची मान

आजी लेकराची टाळू तेलानं भरायची तेव्हा मला जवळ बोलवायची. "बोट ठेव, पण दाबू नको." मऊ कातडीखाली काहीतरी उडत असायचं. तिथं कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, त्यामुळं आतल्या रक्तवाहिन्यांचे ठोके थेट बोटाला लागतात. पुढची टाळू बहुतेक लेकरांची साधारण दीड वर्षाच्या आत भरून येते.

हे आठवलं मावशीमुळं. ती अंबाजोगाईजवळच्या खेड्यात राहते. कापूस वेचून आणि डोक्यावर ओझी वाहून तिची मान धरलेली. "डोकं असं दुखायलंय, कुणी पागोट्यानं आवळल्यावानी," म्हणायची. तिच्या लेकीनं संभाजीनगरला क्रेनिओसॅक्रल थेरपीची, म्हणजे डोक्याला आणि कंबरेखालच्या हाडाला हलका हात लावून करायच्या उपचाराची, वेळ घेतली, तर मावशीचा पहिला प्रश्न, "तिथं मान कडकन मोडतेत का गं?"

नाही मोडत. तेल नाही, चोळणं नाही, अंगावरची साडीही तशीच. उताणं निजायचं. थेरपिस्ट उशाशी बसून दोन्ही तळहात डोक्याखाली ठेवते. मग कधी हात कंबरेखालच्या त्रिकोणी हाडापाशी, कधी घोट्यांपाशी. दाब साधारण ५ ग्रॅमचा. दोन रुपयांचं नाणं तळहातावर ठेवून बघा, जवळपास तेवढाच. असं पाऊण ते एक तास चालतं. कुणाला गाढ झोप लागते, कुणाचं पोट गुरगुरतं, कुणाला उगाच रडू येतं, आणि कुणाला काही म्हणता काही वाटत नाही. नंतर थोडी सुस्ती येऊ शकते, क्वचित डोकं जास्तही दुखतं.

यामागचा सिद्धांत अमेरिकेतला. १९व्या शतकाच्या अखेरीस ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडं-सांधे हातानं हाताळून उपचार करायची पद्धत, शिकणाऱ्या विल्यम सदरलँड यांनी सुटी केलेली कवटी पाहिली. हाडांच्या तिरप्या कडा त्यांना माशाच्या कल्ल्यांसारख्या वाटल्या, आणि त्यावरून कवटीही श्वासासारखी हलत असावी असं त्यांनी मानलं. पुढं १९७०च्या दशकात जॉन अपलेजर यांनी याच विचारातून आजची थेरपी उभी केली. मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाला मिनिटाला ६ ते १२ लहरींची स्वतःची लय असते, ती हाताला कळते आणि हलक्या दाबानं सुधारते, असं ही मंडळी सांगतात.

द्रव खरा आहे. मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो, म्हणजे दिवसातून तीनेकदा पाणी बदलतं. तो हलतोही, पण हृदयाच्या ठोक्यानं आणि श्वासानं. एमआरआयमध्ये ते दिसतं. वेगळ्या लयीचं मात्र अवघड आहे. एकाच माणसावर दोन-तीन थेरपिस्टनी ती मोजली तेव्हा त्यांचे आकडे जुळले नाहीत. लय रुग्णात असती तर जुळायला हवे होते. आणि मोठ्या माणसाच्या कवटीच्या शिवणी, म्हणजे हाडांचे जोड, दातऱ्या कडांनी एकमेकींत इतक्या घट्ट गुंतलेल्या असतात की नाण्याच्या वजनानं त्या सरकत नाहीत. सशांच्या कवटीवर ५ ते २० ग्रॅम ताण देऊन पाहिला गेला, तरी शिवण हलली नाही. आजीच्या बोटाखालची मऊ टाळू मावशीच्या डोक्यात राहिलेली नाही.

मग बरं का वाटतं? मला इथंच खरा रस आहे. आपल्या केसाळ कातडीत सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात. हळुवार, कोमट स्पर्शाला, विशेषतः सेकंदाला काही सेंटिमीटर या वेगानं फिरणाऱ्या हाताला, ते सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. मेंदू तो स्पर्श सुखद म्हणून नोंदवतो. त्यात शांत खोली, कुणाची घाई नाही, आणि तासभर एक माणूस फक्त तुमच्याकडं लक्ष देतोय. मावशीला आयुष्यात असा तास कितीदा मिळाला असेल? दुखण्यातून थोडा आराम मिळाल्याचं काही अभ्यासांत दिसलं, पण सगळे पुरावे एकत्र तपासले की ते कमकुवत ठरतात. म्हणून मी मावशीला सांगितलं, आरामासाठी जा, हाड बसवायला जाऊ नको. बीपीची गोळी बंद करायची नाही. "दहा वेळा यावंच लागेल" असं आधीच कुणी सांगितलं, तर पैसे भरू नको.

काही दुखण्यांत मात्र आधी दवाखाना. अचानक उठलेली, आजवर कधी नव्हती एवढी डोकेदुखी, हातापायात बधिरपणा, बोलणं अडखळणं, तापासोबत मान ताठणं, डोक्याला नुकताच मार लागलेला असणं किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असणं. यात कुणाचाच हात डोक्याला लावू देऊ नये.

लेकरांबाबत मी जास्त कडक आहे. उन्हाळ्यात हगवण लागलेल्या बाळाची टाळू खोल गेली तर ती अंगातलं पाणी कमी झाल्याची खूण आहे. ती चोळून किंवा तेल भरून वर येत नाही. अंगावरचं दूध चालू ठेवा, ओआरएस द्या आणि लगेच डॉक्टर गाठा. तापात टाळू फुगून ताठ झाली तर वाट बघूच नका.

मावशी त्या तासात घोरत झोपली. परतताना बसमध्ये म्हणाली, "हलकं वाटायलंय, पण मान तिथंच हाय." दुसऱ्या आठवड्यात ती फिजिओथेरपिस्टकडं गेली. आता रोज सकाळी ओट्यावर बसून मानेचे व्यायाम करते, आणि ओझं सुनेसोबत वाटून घेते.