एजंटसाठी जिराचं डॉक्युमेंटेशन: वाद कुठून आला

जिरा हे टीमची कामं तिकिटांवर नोंदवायचं सॉफ्टवेअर. ते एजंटने, म्हणजे आपल्या वतीने काम करणाऱ्या एआय प्रोग्रामने, वापरायचं तर त्याच्यासाठी वेगळं डॉक्युमेंटेशन लिहायचं की माणसांचंच पुरे, असा हा वाद. यंत्राने वाचावी म्हणून साइटवर फाइल ठेवायची प्रथा १९९४ च्या रोबोट्स डॉट टीएक्सटीपासूनची आहे. पण ती फाइल क्रॉलरला, म्हणजे साइटी आपोआप वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, कुठे जाऊ नये एवढंच सांगायची. काम कसं करायचं हे यंत्राला समजावून सांगायची वेळ बऱ्याच उशिरा आली. मधल्या काळात एपीआयची (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम करून घ्यायच्या मार्गाची) वर्णनं यंत्राला वाचता येतील अशा साच्यात आली खरी, पण ती वाचून कोड लिहायला माणूस होताच. अडलं की तो शेजारच्याला विचारायचा. डॉक्युमेंटेशनमधल्या निम्म्या फटी या शेजाऱ्यानेच बुजवल्या आहेत.

जिरा २००२ मध्ये आलं ते बग नोंदवायला. पुढे त्यावर वर्कफ्लो (तिकिटाने पार करायच्या पायऱ्यांची साखळी), स्प्रिंट (ठरावीक मुदतीच्या कामाच्या फेऱ्या) आणि हव्या त्या फील्डांचे थर चढत गेले, आणि प्रत्येक टीमचं जिरा वेगळं झालं. बोर्डावर कार्ड ओढून ‘डन’मध्ये टाकलं की माणूस मोकळा होतो. एपीआयमधून तिकीट संपादित करताना स्टेटस हे साध्या फील्डासारखं बदलता येत नाही. त्या तिकिटाला सध्या कोणत्या ट्रान्झिशन, म्हणजे एका स्टेटसमधून दुसऱ्यात जायच्या वाटा, खुल्या आहेत ते आधी मागवायचं, हव्या त्या ट्रान्झिशनचा आयडी उचलायचा आणि मग तो पाठवायचा. हा आयडी वर्कफ्लोगणिक बदलतो. शिवाय एखादी ट्रान्झिशन यादीत आलीच नाही, तर बहुधा वर्कफ्लोच्या अटीने किंवा परवानगीने ती अडवलेली असते. माणसासाठीच्या मदतपानाला यातलं काहीही सांगायची गरज नव्हती.

खरा गुंता २०१८-१९ चा. युरोपचा खासगीपणाचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला आणि त्यापाठोपाठ क्लाउड जिराच्या एपीआयमधून युजरनेम काढून टाकलं गेलं. त्याच्या जागी अकाउंट आयडी नावाची, वाचून काहीच बोध न होणारी ओळ आली. स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या जिरात मात्र युजरनेम तसंच राहिलं. म्हणजे नेटवर पडलेली जुनी उदाहरणं एकीकडे बाद, दुसरीकडे अजून बरोबर. वर्णनाच्या मजकुराचंही तेच. एपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीत विकी पद्धतीचा साधा मजकूर चालतो, तिसरीत जेसन या यंत्रासाठीच्या मांडणीतला ठरावीक साचा लागतो, नुसतं वाक्य पाठवलं तर विनंती परत येते.

भाषा-मॉडेलं शिकली ती याच ढिगाऱ्यावर. २०२३ च्या मध्यात मॉडेलांना बाहेरची फंक्शन बोलावता येऊ लागली, सप्टेंबर २०२४ मध्ये साइटने मॉडेलांसाठी ठेवायच्या एलएलएम्स डॉट टीएक्सटी या फाइलचा प्रस्ताव आला, नोव्हेंबरमध्ये मॉडेलांना बाहेरची टूल जोडायची एमसीपी ही पद्धत, २०२५ मध्ये कोड लिहिणाऱ्या एजंटसाठी सूचनांची एजंट्स डॉट एमडी ही फाइल. ही यादी आता सगळ्यांच्या तोंडपाठ आहे. मात्र फाइलचं नाव ठरल्याने तिच्यात काय लिहायचं ते ठरलं नाही.

एका पक्षाचं म्हणणं, एजंटसाठी वेगळं डॉक्युमेंटेशन हवं. माणसांच्या पानांत स्क्रीनशॉट, ‘उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा’ आणि स्वागताचे परिच्छेद असतात. ते सगळं एजंटच्या संदर्भमर्यादेत, म्हणजे एका वेळी त्याच्या नजरेत मावेल तेवढ्या मजकुरात, कोंबलं तर टोकन (मजकूर मोजायचे तुकडे) वाया जातात आणि कामाची ओळ हरवते. दुसरा पक्ष म्हणतो, वेगळी फाइल माणूस वाचत नाही, त्यामुळे ती चुकली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. टीमने वर्कफ्लोमध्ये ‘रिव्ह्यू’ची पायरी घातली आणि फाइलमध्ये जुनीच साखळी राहिली, की एजंट ती पायरी नाहीच असं धरून चालतो. तिकीट अडकतं, आणि दोष मॉडेलच्या माथी जातो.

पण एका मुद्द्यावर पहिल्या पक्षाची बाजू भक्कम आहे. माणसासाठी लिहिताना बाद झालेली पद्धत आपण पुसून टाकतो. एजंटला ती आधीच ‘माहीत’ असते, त्यामुळे नुसतं पुसून भागत नाही, तिचं नाव घेऊन ती बाद करावी लागते. क्लाउड जिराच्या एपीआयमध्ये तिकिटं शोधायचा जुना मार्ग बंद होणार हे २०२४ मध्ये जाहीर झालं आणि २०२५ मध्ये तो काढायला सुरुवात झाली. नव्या मार्गात एकूण निकालांचा आकडा मिळत नाही आणि पुढचं पान आधीच्या उत्तरासोबत आलेल्या खुणेने (हिलाही टोकनच म्हणतात) मागवावं लागतं. एजंट मात्र सवयीने जुन्याच मार्गाला जातो आणि पाननिहाय आकडेमोड करत बसतो. इथे ‘हे वापरू नका’ ही ओळ लागतेच. यावरही आक्षेप आहे: जुनं नाव घेतलं की तेच मॉडेलच्या डोळ्यांसमोर राहतं. म्हणून काही जण नकाराच्या शेजारीच चालणारं उदाहरण देतात. हे मला व्यवहार्य वाटतं.

एमसीपीमुळे या वादाला आणखी एक जागा मिळाली. टूलचं, म्हणजे एजंटला वापरायला दिलेल्या फंक्शनचं, वर्णन हेच डॉक्युमेंटेशन झालं, आणि ते सहसा प्रत्येक संवादाच्या सुरुवातीलाच आत येतं. त्यामुळे प्रत्येक शब्दाची किंमत मोजावी लागते. मग तपशील सरकू लागला तो त्रुटीसंदेशांकडे. ‘अवैध विनंती’ऐवजी ‘हे फील्ड या प्रोजेक्टमध्ये नाही, उपलब्ध फील्ड ही’ असं उत्तर आलं, तर एजंट पुढच्याच फेरीत दुरुस्ती करतो. अडचण एवढीच की हे संदेश डेव्हलपर घाईत लिहितात आणि डॉक्युमेंटेशनवाल्यांच्या हाती ते क्वचितच येतात.